प्रौढांचा प्रवेशअर्ज

वयाची पस्तिशी-चाळिशी उलटून गेलेला मनुष्य विद्यापीठाच्या शिक्षणक्रमाची चौकशी करावयास येतो तेव्हा तो सहसा स्वतःसाठी म्हणून येत नाही. धाकट्या भावासाठी, बायकोच्या बहिणीसाठी, गल्लीतल्या एका मुलासाठी, नाहीतर नुसतेच ‘एकाला विचारायचे होते’ असे सांगून तो येतो. माहितीपुस्तिका चाळतो, शुल्क किती, पुस्तके कोठे मिळतात, रोज यावे लागते की कसे, एवढे सारे विचारून घेतो, आणि निघताना दाराशी थबकून, ज्या एका प्रश्नासाठी त्याने इतकी पायपीट केलेली असते तो प्रश्न आत्ताच सुचल्यासारखा विचारतो : ‘वयाची काही अट असते का हो सर?’ हा प्रश्न कानी पडला की विद्यार्थी आला आहे हे मी ओळखत असे.

प्रवरेच्या खोऱ्यातील तालुक्याच्या एका गावी मी महाविद्यालयात मराठीचा अध्यापक होतो आणि त्याच महाविद्यालयात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र चाले. प्रथम समंत्रक म्हणून आणि पुढे केंद्रसंयोजक म्हणून त्या केंद्राचे काम माझ्याकडे आले, आणि निवृत्तीनंतरही ते माझ्या हातून पुरते सुटलेले नाही. आठवड्याचे सहा दिवस ज्या बाकांवर सतरा-अठरा वर्षांची मुले बसत त्याच बाकांवर रविवारी साखर कारखान्यातील कामगार, एस. टी.चे वाहक, पोलीस शिपाई, अंगणवाडीच्या सेविका, ग्रामपंचायतीचे कारकून, दूध संस्थेचे सचिव, भरल्या घरातील गृहिणी आणि क्वचित नातवंडे झालेली एखादी आजी येऊन बसे. प्रौढांच्या शिक्षणाविषयी बोलताना लोक परीक्षेचे, निकालाचे आणि पदवीदानाचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु पहिल्या चौकशीपासून अर्ज दाखल होऊन त्याची पावती हाती पडेपर्यंत जो काळ जातो, त्या काळातच प्रौढ विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खरा निकाल लागतो असे माझे मत आहे, आणि ते त्या टेबलाशी बसूनच बनलेले आहे.

तरुण मुलाचा प्रवेशअर्ज त्याला पुढे नेतो. प्रौढाला मात्र अर्जाच्या पहिल्याच पानावर मागे जावे लागते. शेवटची उत्तीर्ण परीक्षा कोणती, कोणत्या साली, कोणत्या शाळेतून, आणि त्यानंतर खंड पडला असल्यास त्याचे कारण काय, हे रकाने छापणाऱ्याला साधे वाटले असतील; परंतु त्या एकेका रकान्यामागे एकेका घराचा इतिहास उभा असतो, आणि तो लिहिण्यास दोन बोटांची जागा ठेवलेली असते. १९७२ च्या दुष्काळात शाळा सोडून आईबापांबरोबर खडी फोडावयास गेलेला मुलगा, पाचवीपुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात म्हणून घरी बसविलेली मुलगी, शालान्त परीक्षेत इंग्रजीत दोनदा राहिल्यावर ‘आता पुरे’ असे ज्याला घरच्यांनी सांगितले असा बुद्धिमान तरुण, वडील अंथरुणाला खिळले म्हणून ज्याने बारावीचा अर्ज भरूनही परीक्षेला बसण्याचे टाळले असा थोरला मुलगा, अशी सर्व माणसे त्या रकान्यापाशी येऊन लेखणी थांबवीत. ‘घरगुती अडचण’ हे दोन शब्द मी इतक्या अर्जांवर पाहिले आहेत की ते दोन शब्द वाचून पुढे जाणे मला कधी जमले नाही. मी विचारीत असे, आणि माणसे बोलत असत. पुष्कळांनी ती हकिगत त्यापूर्वी कोणालाच सांगितलेली नसे.

ज्यांनी नियमित वयात शिक्षण घेतले नाही त्यांना विद्यापीठाचे दार कसे उघडावे, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही; किंबहुना तो आपल्या विद्यापीठांच्या जन्माइतकाच जुना आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे शिकविणारे विद्यापीठ म्हणून नव्हे तर परीक्षा घेऊन पदव्या देणारी संस्था म्हणून. सिनेटचा विशेष हुकूम असल्याखेरीज, मान्यताप्राप्त संस्थेत शिक्षणक्रम पुरा केल्याचा दाखला आणील त्यासच पदवीपरीक्षेस बसता येईल, अशी अट मुंबईच्या त्या कायद्यात होती. पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, लंडन विद्यापीठाने नव्या सनदेनुसार ती अट काढून टाकली आणि कोठेही, कसाही, स्वतःच्या बळावर अभ्यास केलेल्या मनुष्यास परीक्षेस बसण्याची मुभा दिली. अवघ्या एका वर्षाच्या अंतराने ही सवलत आपल्या विद्यापीठाच्या मुळात यावयाची राहून गेली, हा विचार मला अनेकदा अस्वस्थ करतो. मुंबईची ती अट त्याच काळी सैल झाली असती तर मागील दीड शतकात किती शाळामास्तर, किती कारकून आणि किती विधवा स्त्रिया पदवीधर झाल्या असत्या, याचा हिशेब कोण मांडणार?

विद्यापीठाने जे केले नाही ते समाजाने आपापल्या परीने करण्याचा प्रयत्न केला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली स्वतःच्या घरी शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली, त्या वेळी मुंबई विद्यापीठाचा कायदाही झालेला नव्हता. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने १९०९ पासून घरात कोंडलेल्या प्रौढ स्त्रियांना परिचारिका आणि शिक्षिका म्हणून उभे केले. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले आणि मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचे धैर्य दाखविले. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरविले. दहाच्या ठोक्याला कचेरीत रुजू व्हावयाचे असलेला कारकून त्यापूर्वी महाविद्यालयाचा तास संपवून निघू शकेल, एवढा साधा विचार त्या वेळापत्रकात होता, आणि मला तो शिक्षणशास्त्रावरील पुष्कळ ग्रंथांहून मोलाचा वाटतो. पुढे ‘बहिःस्थ’ म्हणून परीक्षेस बसण्याची सोय झाली. माझ्या पिढीतील कितीतरी प्राथमिक शिक्षक त्या वाटेने बी. ए., एम. ए. झाले. परंतु बहिःस्थ विद्यार्थ्याला विद्यापीठ परीक्षेच्या मांडवात बसावयास जागा देई, एवढेच. अभ्यास कसा करावा, कोणते पुस्तक आधी उघडावे, उत्तर कोठून सुरू करावे, हे त्याला कोणी सांगत नसे. तो बाजारात मिळेल ते गाईड घेई आणि रात्री कंदिलाशी बसे.

ही उणीव भरून काढण्याची खटपट दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षणाने आरंभिली. मुंबई विद्यापीठानेही १९७१ पासून तो मार्ग धरला. त्याच वर्षाच्या जानेवारीत इंग्लंडमधील मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी अभ्यासास लागले होते, आणि पूर्वीची कोणतीही परीक्षा उत्तीर्ण असल्याची अट न घालता पदवीस प्रवेश देता येतो हे त्या विद्यापीठाने जगाला दाखवून दिले. आपल्या देशात हैदराबादचे मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि आमचे नाशिकचे विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी अस्तित्वात आले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले. पुण्याच्या पारंपरिक विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळलेल्या ह्या माणसाने मराठीतून, घरी बसून, स्वतःच वाचून कळेल अशी पाठ्यपुस्तके लिहून घेण्याचे जे काम नाशिकला उभे केले त्याची थोरवी त्या पुस्तकांवर ज्यांनी शिकविले आहे त्यांनाच पुरती कळेल. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये मध्ये स्वतःचे ज्ञान तपासून पाहण्यासाठी प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे, अशी ती रचना वाचणाऱ्याला एकटे पडू देत नसे.

तथापि त्या विद्यापीठाची सर्वांत मोठी देणगी माझ्या लेखी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ही आहे. बारावी झालेला मनुष्य थेट पदवीला येई. जो झालेला नाही, मग तो दहावी नापास असो वा चौथीतून शाळा सोडलेला असो, त्याने वयाची अठरा वर्षे पुरी केलेली असली तर सहा महिन्यांचा पूर्वतयारीचा अभ्यास करून, त्याची परीक्षा देऊन पदवीच्या प्रथम वर्षाला प्रवेश घ्यावा, अशी ती तरतूद. ‘तू काय सोडलेस’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘आज तुला काय वाचता येते आणि काय लिहिता येते’ एवढेच त्यात पाहिले जाई. ज्याने वीस वर्षे सोसायटीचे दप्तर लिहिले आहे, जमाखर्च ठेवला आहे, सभेचे इतिवृत्त तयार केले आहे, त्याला पुन्हा दहावीच्या भूमितीतून ओढत नेण्यात कोणते शहाणपण आहे? काहींना ही तरतूद विद्येचा अवमान वाटते. मी त्या पूर्वतयारीच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. वाक्य मोडके असेल, शुद्धलेखन चुकलेले असेल. पण नियमित विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत जे फार क्वचित आढळते ते, म्हणजे प्रश्न समजून घेण्याची जबर इच्छा, तीत ओळीओळीला दिसे.

एका अंगणवाडी सेविकेच्या अर्जाची हकिगत येथे सांगितली पाहिजे, कारण प्रवेशाच्या कामात बुद्धीपेक्षा कागद कसा आडवा येतो ते तीवरून कळेल. मुख्यसेविकेच्या पदासाठी पदवी लागते आणि बाईंचे शिक्षण नववीत थांबलेले. पहिल्या दिवशी त्या नणंदेसाठी माहिती घेऊन गेल्या. दुसऱ्या खेपेस स्वतःसाठी आल्या. जुन्या पत्र्याच्या डब्यातून आणलेले कागद त्यांनी एकेक करून टेबलावर मांडले. शाळेतील नाव माहेरचे. लग्नात सासरच्यांनी नाव बदलले, कारण नवऱ्याच्या चुलतीचे नाव तेच होते. शिधापत्रिकेवर नवे नाव, मतदारयादीत त्याच नावाचे निराळे रूप, आणि नेमणुकीच्या हुकुमावर सासूच्या आडनावाची काहीतरी गफलत. चार कागदांवर चार बायका. शिवाय शाळा सोडल्याचा मूळ दाखला नव्हताच.

‘सर, एवढं कशाला? राहू द्या,’ त्या म्हणाल्या, आणि कागद गोळा करू लागल्या.

मी म्हणालो, ‘ताई, तुमची शाळा अजून आहे ना? मग तुमचं नाव तिथं आहे. ते आणू आपण.’

प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टराचे महत्त्व ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे बोलणे निव्वळ धीराचे वाटणार नाही. आपल्या खेड्यातील शाळांनी साठ-साठ, सत्तर-सत्तर वर्षांची ती जाड बांधणीची रजिस्टरे जपून ठेवली आहेत, आणि एखाद्या मनुष्याने त्या गावात कधीकाळी पाटी घेऊन पाऊल टाकले असेल तर त्याचा अनुक्रमांक, जन्मतारीख, इयत्ता आणि शाळा सोडल्याचे कारण त्यात निश्चित सापडते. बाई भावाला बरोबर घेऊन माहेरच्या गावी गेल्या. मुख्याध्यापकांनी कपाटातून रजिस्टर काढले, बोट फिरवीत पाने उलटली, आणि नोंद मिळाली. दाखल्याची दुय्यम प्रत, विवाहनोंदणीचा उतारा, नावातील बदलाची शासकीय राजपत्रातील जाहिरात आणि तहसील कचेरीत केलेले प्रतिज्ञापत्र, हे सारे जुळून येईपर्यंत प्रवेशाची मुदत संपत आली होती. अर्ज भरून झाल्यावर सहीच्या चौकटीशी त्या थांबल्या. ‘कोणत्या नावाची करू?’ त्यांनी विचारले. दाखल्यावरच्या नावाची करा, असे मी सांगितले. ती सही त्यांनी नववीनंतर कधी केली नव्हती; आधी रद्दी कागदावर दोनदा गिरविली, आणि मग अर्जावर केली. पूर्वतयारी त्या पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाल्या. पदवीला त्यांना पाच वर्षे लागली, कारण मधल्या एका वर्षी थोरलीचे लग्न होते आणि एका वर्षी सासरे आजारी होते. उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही आणि राहिलेला पुढच्या परीक्षेस देता येतो, ह्या नियमाने त्यांना तारून नेले. प्रौढाजवळ बुद्धीची वाण नसते, वेळेची असते. म्हणून वेळेसंबंधीचे नियम जेवढे उदार तेवढे ते विद्यापीठ खऱ्या अर्थाने मुक्त.

आमच्या भागात वेळेचा हा प्रश्न साखरेच्या हंगामाशी बांधलेला आहे. कार्तिकात गळीत सुरू झाले की कारखान्यातील माणूस तीन पाळ्यांच्या चक्रात सापडतो. रात्रपाळी करून आलेला कामगार रविवारी सकाळी वर्गात बसला तरी त्याचे डोळे मिटत. मी त्याला कधी उठवीत नसे. तास संपल्यावर शेजारच्याची वही त्याच्या हाती देई. हंगाम आटोपून कारखान्याचा भोंगा बंद झाला की हेच लोक दिवस दिवस वाचनालयात येऊन बसत, आणि मे महिन्यातील परीक्षेपर्यंत मिळणारे ते थोडे आठवडे हाच त्यांच्या वर्षाचा अभ्यासकाळ असे. त्यांच्यात एक चिटबॉय होता. उसाच्या फडाला तोडणीची चिठ्ठी पोचविणे, मुकादमाच्या टोळीला फड नेमून देणे, गाडीत मोळ्या भरल्या की पावती करणे, हे त्याचे काम, आणि तेही हंगामापुरते. बी. ए.ला त्याने अर्थशास्त्र घेतले होते. सहकारी चळवळीवरील प्रश्नाचे उत्तर त्याने लिहून आणले तेव्हा धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० सालच्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले, एवढे दोन ओळींत उरकून पुढची दीड पाने त्याने वजनकाट्यावर गाड्या किती वेळ खोळंबतात, गव्हाणीत पडेपर्यंत उसाचे वजन कसे उतरते, उतारा घटला की त्याची झळ सभासदाला कशी लागते आणि तोडणी कामगार मात्र ह्या साऱ्या हिशेबाबाहेर कसा राहतो, यांनी भरून टाकली होती.

परीक्षकाला हे उत्तर पसंत पडले असते की नाही, याची मला शंका होती; परंतु ते खोडून टाकावयास सांगण्याचे माझ्या मनात आले नाही. आम्ही दोघे दोन-तीन रविवार त्या दीड पानाशी बसलो. प्रत्येक तपशिलावर मी त्याला एकच विचारी, ‘ह्यावरून काय सिद्ध होते?’ आणि तो प्रथम गोंधळे, मग चिडे, मग लिही. अखेरीस त्यातून सहकारातील सभासद, कामगार आणि हंगामी मजूर यांच्या हितसंबंधांतील अंतर दाखविणारे असे एक उत्तर तयार झाले की नियमित वर्गातील माझ्या अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनी त्याची नक्कल मागून घेतली. प्रौढ विद्यार्थ्याला माहितीचा तुटवडा नसतो. आपल्या अनुभवाला विद्यापीठात काही किंमत आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि त्या अनुभवापासून युक्तिवादापर्यंत जाण्याची शिस्त त्याला माहीत नसते. ती शिस्त हातात हात घालून शिकवावी लागते, आणि समंत्रकाचे सगळे काम माझ्या मते एवढ्यात येते.

मुक्त विद्यापीठाच्या पदवीकडे पाहण्याची दृष्टी मात्र सर्वत्र सारखी नव्हती. आमचा एक विद्यार्थी एका निमसरकारी कार्यालयात शिपाई होता. पदवी मिळाल्यावर तिची नोंद सेवापुस्तकात करावी असा त्याने अर्ज दिला, तेव्हा ‘ही पदवी ग्राह्य कशी, याचा खुलासा करावा’ असा शेरा मारून तो अर्ज परत आला. विधिमंडळाने केलेला कायदा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे, आणि मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी पारंपरिक विद्यापीठाच्या पदवीस समकक्ष मानावी असे आयोगाचे मे २००४ चे परिपत्रक आहे. या सर्वांच्या साक्षांकित नकला जोडून आम्ही खुलासा पाठविला, स्मरणपत्रे पाठविली, आणि पुष्कळ महिन्यांनी ती नोंद झाली. त्या पोराने दिवसा फाइली वाहून रात्री जो अभ्यास केला त्याच्याबद्दल कार्यालयाने कौतुकाचा शब्द काढला असता तर काय बिघडले असते, असे मला आजही वाटते. घरी शिकून मिळविलेली पदवी हलकी, ही समजूत दफ्तरांत जितकी रुजलेली आहे तितकी ती सुशिक्षित कुटुंबांतही आहे, आणि तिचा मला मनापासून संताप येतो. ज्याने वर्गात बसण्याची चैन कधी अनुभवली नाही त्याच्या श्रमाला कमी लेखण्याचा अधिकार, ज्यांना ती चैन वयाच्या अठराव्या वर्षी आयती मिळाली त्यांना कोणी दिला?

अलीकडे प्रवेशाच्या वाटा आणखी वाढल्या आहेत. २०१७ पासून केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’वर घरबसल्या विद्यापीठीय अभ्यासक्रम शिकता येतात, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर मिळविलेले श्रेयांक साठवून ठेवणारी श्रेयांक बँक २०२१ मध्ये आली, म्हणजे एका ठिकाणी अर्धवट सोडलेले शिक्षण दुसऱ्या ठिकाणी पुढे नेण्याची सोय झाली, २०२२ पासून दोन पदव्यांचा अभ्यास एकाच वेळी करण्यासही मुभा आहे. कारागृहांतून मुक्त विद्यापीठाची केंद्रे चालतात आणि शिक्षा भोगणारी माणसे तेथे पदवीच्या परीक्षेस बसतात. फळबागा आणि भाजीपाला उत्पादनाचे शिक्षणक्रम करून माळकरी शेतकरी विद्यापीठाचे विद्यार्थी झाले, हे तर मी डोळ्यांनी पाहिले आहे. या सर्वांचे मी स्वागत करतो. श्रेयांक बँकेची कल्पना तीस वर्षांपूर्वी असती तर ज्या कितीएक मुलींचे शिक्षण लग्नाबरोबर एका विद्यापीठाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेल्याने बुडाले, त्या आज निराळ्या ठिकाणी असत्या.

परंतु ह्या साऱ्या वाटांचे पहिले पाऊल आता संगणकाच्या पडद्यावर पडते, आणि तेथे मला जुनीच अडचण नव्या रूपात भेटते. अर्ज ऑनलाइन, नोंदणीसाठी मोबाइल क्रमांक, त्यावर येणारा ओटीपी ठरावीक वेळात भरला पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ स्त्रियांच्या घरचा नोंदणीकृत मोबाइल नवऱ्याच्या खिशात असतो, आणि नवरा शेतावर असतो अथवा ट्रकवर पुण्याच्या वाटेला. ओटीपी त्याच्याकडे जातो. तो विचारतो, ‘कसला आला हा?’ आणि जी गोष्ट घरात केव्हा, कशी सांगावी याचा ती बाई महिनाभर विचार करीत असते ती त्या एका फोनवर उघडी पडते. कित्येक अर्ज मी तेथेच अडलेले पाहिले. मग फी आणि वर दोनशे-तीनशे रुपये घेऊन अर्ज भरून देणारा कॅफेवाला ह्या स्त्रियांच्या मदतीला धावतो. त्याला घाई असते, तो विषयांचे गट आपल्या सोयीने टिचकावतो, आणि जिला इतिहास शिकावयाचा होता तिच्या हाती वाणिज्य पडते. यंत्राने चौकशी करणाऱ्याला उत्तर मिळेल. पण ‘एकाला विचारायचे होते’ असे म्हणून आलेल्या माणसाच्या बोलण्यातून तो एक कोण हे ओळखून त्याला ‘बसा’ म्हणणे यंत्राच्या हातचे नाही.

यासाठी मी आणि केंद्रातील दोघा तरुण सहकाऱ्यांनी मिळून एक व्यवस्था केली आहे. आमच्या गावचा आठवडी बाजार शनिवारी भरतो. आजूबाजूच्या खेड्यांतील स्त्रिया त्या दिवशी कोणाची परवानगी न मागता गावात येतात, कारण बाजाराला जावेच लागते. प्रवेशाच्या महिन्यांत शनिवारी दुपारी बारापासून पाचपर्यंत बाजारतळाजवळच्या वाचनालयाच्या ओसरीवर आम्ही टेबल मांडतो. माहितीपुस्तिका, शाळेतून दाखल्याची दुय्यम प्रत मागण्याच्या अर्जाचे कोरे नमुने, नावबदलाच्या जाहिरातीचा तयार मसुदा आणि एक लॅपटॉप, एवढे साहित्य असते. ज्यांचा स्वतःचा मोबाइल नाही त्यांना आधी स्वतःच्या नावावर सिमकार्ड घेण्यास आम्ही मदत करतो आणि मगच नोंदणी करतो. भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून त्या बसतात. विषय कोणते घ्यावेत याविषयी मी माझे मत सांगतो, पण निवड त्यांचीच राहू देतो. कोणी गृहविज्ञान सोडून राज्यशास्त्र मागितले तर कारण विचारीत नाही. गेल्या हंगामात पंचायत समितीची एक सदस्या आली होती. सभेत अधिकारी जे नियम वाचून दाखवितात ते स्वतः वाचून समजून घ्यावयाचे आहेत, म्हणून लोकप्रशासन हवे, असे तिने सांगितले. तिच्याकडे चौथीचा दाखला होता आणि तोही पावसात भिजून फाटलेला. दुय्यम प्रतीचा अर्ज आम्ही त्याच दिवशी लिहून दिला, आणि पुढच्या शनिवारी येताना ती गावातल्या आणखी तिघी जणींना घेऊन आली.